सत्ताधीशाचे भय आणि लोकप्रिय सेनानी : निजामशाहीच्या उत्तरकाळाचा एक अभ्यास (इ.स. १५७४ ते १६३६)

प्रस्तावना :

युद्ध जिंकून देणारा सेनानी प्रत्येक राज्याला हवा असतो. परंतु युद्ध जिंकून परतलेला सेनानी राज्यकर्त्याला पुष्कळदा नकोसा होतो. शत्रूचे भय राज्यकर्ता उघडपणे बोलून दाखवू शकतो. आपल्याच सेनापतीचे भय मात्र त्याला मनात ठेवावे लागते, आणि मनात दडलेल्या अशा भयातूनच कारस्थान, कैद, विषप्रयोग व हत्या यांचा जन्म होतो. ज्या राज्यात एका व्यक्तीची सत्ता अनियंत्रित असते तेथे हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण तेथे सेनापतीची कीर्ती मोजण्याचे, तिला मर्यादा घालण्याचे किंवा तिला सुरक्षितपणे सामावून घेण्याचे कोणतेही नियम नसतात.

आधुनिक काळात या विषयाची चर्चा प्रामुख्याने युरोपातील हुकूमशहांच्या संदर्भात होते. तथापि छत्रपती संभाजीनगर व दौलताबादचा परिसर या विषयाच्या अभ्यासासाठी तितकाच महत्त्वाचा आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेली खडकी, त्याच्या मुलाने स्वतःच्या नावावरून ठेवलेले फत्तेनगर, औरंगजेबाच्या सुभेदारीत रूढ झालेले औरंगाबाद आणि २०२३ मध्ये मान्य झालेले छत्रपती संभाजीनगर ही या शहराची नावे मुळात सेनानी व सत्ताधीश यांच्यातील संबंधांचाच इतिहास सांगतात. शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटरवरील दौलताबादच्या किल्ल्यात २५ जुलै १६२९ रोजी लखुजीराव जाधवांची झालेली हत्या ही या इतिहासातील सर्वांत बोलकी घटना होय.

सतराव्या शतकातील सुलतानाला आजच्या अर्थाने हुकूमशहा म्हणणे काटेकोर ठरणार नाही. परंतु कोणत्याही संस्थेला उत्तरदायी नसलेली सत्ता या मर्यादित अर्थाने दोहोंत साम्य आहे. त्याच अर्थाने प्रस्तुत लेखात या भयाचे स्वरूप, त्याची कारणे व त्याचे परिणाम यांचा परामर्श घेतला आहे.

भयाचे मूळ : शिपाई कोणाचा?

सत्ताधीशाचे भय हा त्याच्या स्वभावाचा दोष मानण्याची प्रथा आहे. तवारीखकार राजाला संशयी, हलक्या कानाचा किंवा व्यसनी म्हणतात व तेथेच थांबतात. स्वभावाचा भाग असतोच. पण संशयी राजे सर्वच राज्यांत झाले असताना त्यांच्या संशयाचे परिणाम सर्वत्र सारखे झालेले नाहीत. हा फरक समजण्यासाठी तीन प्रश्न विचारावे लागतात. शिपायाची भरती कोण करतो? त्याचा पगार कोणाच्या हातून मिळतो? आणि सेनापतीला पदावरून दूर केले तर फौज कोणाकडे राहते?

दख्खनच्या सुलतानशाहीत या तीनही प्रश्नांचे उत्तर बहुतांशी 'सरदार' हेच होते. सरदाराला मुलूख जहागीर म्हणून तोडून दिला जाई. त्या मुलखाच्या उत्पन्नातून तो घोडेस्वार व पायदळ बाळगी. त्याचे स्वार त्याच्या भावकीतले, गावातले किंवा त्याच्यावर विसंबून असलेले असत. सुलतानाशी त्यांचा संबंध येई तो सरदारामार्फतच. अशा व्यवस्थेत सरदाराची लोकप्रियता म्हणजे त्याच्या शब्दावर पाठ फिरवू शकणारी काही हजार घोडी होती. ती आज सुलतानाच्या बाजूने उभी असत व उद्या शत्रूच्या बाजूला दिसू शकत. त्यामुळे सुलतानाचे भय सर्वस्वी काल्पनिक नव्हते. मात्र त्या भयावर उपाय करण्यासाठी त्याच्याजवळ बदली, चौकशी किंवा सेवानिवृत्ती यांसारखी साधने नव्हती. उरत असे तो एकच उपाय, माणूस नाहीसा करणे.

पूर्वपीठिका : चंगीझखानाचा अंत

निजामशाहीत या भयाची परंपरा जुनी आहे. मूर्तजा निजामशाह पहिला याच्या काळात चंगीझखान हा हबशी वजीर राज्याचा कर्ता पुरुष होता. १५७४ मध्ये वऱ्हाडची इमादशाही जिंकून निजामशाहीला जोडण्यात त्याचा वाटा मोठा होता. पुढचे लक्ष्य बिदर होते. बिदर वाचविण्यासाठी गोवळकोंड्याच्या वकिलाने चंगीझखानाला लाच देऊ केली. ती त्याने नाकारली. तेव्हा वकिलाने सुलतानाचा मर्जीतला साहिबखान याला हाताशी धरले आणि चंगीझखान वऱ्हाडात स्वतंत्र होऊ पाहतो असे सुलतानाच्या कानावर घातले.

अहमदनगरच्या दरबारात काही काळ वावरलेल्या फिरिश्ता या इतिहासकाराने पुढील प्रसंग नोंदविला आहे. सुलतानाला प्रथम हे खरे वाटले नाही. खात्री करून घेण्यासाठी त्याने चंगीझखानापाशी राजधानीकडे परतण्याची इच्छा सहज बोलून दाखविली. नवा मुलूख अजून स्थिरावलेला नाही, सुलतानाने काही महिने येथेच मुक्काम करावा व नंतर बंदोबस्तासाठी आपल्याला मागे ठेवावे, असा सल्ला चंगीझखानाने दिला. प्रशासनाच्या दृष्टीने हा सल्ला योग्यच होता. परंतु संशयाने पाहणाऱ्याला त्यात स्वतंत्र होण्याचा बेत दिसला. वैद्याच्या हातून विष पाठविण्यात आले. चंगीझखानाने ते जाणून घेतले आणि मरणापूर्वी सुलतानाला निष्ठेचे पत्र लिहिले. सत्य कळल्यावर सुलतानाला पश्चात्ताप झाला आणि तो राज्यकारभारापासून दूर एकांतात राहू लागला.

या घटनेत दोन बाबी लक्षणीय आहेत. पहिली, संशयाने भारलेल्या दरबारात उत्तम सल्ला आणि बंडाचा पुरावा यांत भेद उरत नाही. दुसरी, शत्रूला हे पक्के ठाऊक असते. गोवळकोंड्याला रणांगणावर जे साधले नसते ते दरबारातील एका कुजबुजीने साधले. चंगीझखानाच्या पदरी त्या वेळी एक तरुण हबशी गुलाम होता. धन्याचा हा अंत त्याने जवळून पाहिला. त्याचे नाव मलिक अंबर.

मलिक अंबर : भय दोन्ही बाजूंचे

१६०० मध्ये चांदबीबी स्वकीयांच्याच हातून मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. ज्या स्त्रीने १५९५-९६ च्या वेढ्यात हाच किल्ला राखला होता तिच्यावर, ती शत्रूशी बोलणी करते म्हणून, फितुरीचा संशय घेण्यात आला. या मोडलेल्या राज्याला मलिक अंबरने पुन्हा उभे केले. त्याने परांड्याला मूर्तजा निजामशाह दुसरा यास गादीवर बसविले आणि आपली मुलगी त्याला दिली. राजा अंबरने निर्माण केलेला होता, जावईही त्याचाच होता; तरीही हे नाते विश्वासाचे झाले नाही.

मूर्तजाने अंबरचा प्रतिस्पर्धी राजू दखनी याच्याशी संधान बांधले. दौलताबादच्या बाजूचा मुलूख राजूच्या ताब्यात होता. एका सेनानीचे भय वाटले की दुसरा सेनानी त्याच्यावर सोडायचा हा दुर्बल सत्ताधीशाचा नेहमीचा डाव असतो. तो येथे उलटला. १६०७ च्या सुमारास अंबरने राजूचा पराभव करून त्याला कैद केले व दौलताबादचा मुलूख घेतला. १६१० मध्ये राजधानी दौलताबादला आली आणि त्याच वर्षी मूर्तजाचा अंत झाला. डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रोके याच्या वृत्तांतानुसार तो विषप्रयोगाने झाला व त्यामागे अंबर होता. त्यानंतर बुऱ्हाण हा बालक गादीवर आला आणि पुढील सोळा वर्षे अंबरच्या मार्गात राजाचा अडथळा राहिला नाही.

येथे विषयाची दुसरी बाजू समोर येते. सत्ताधीशाला सेनानीचे भय वाटते, तसेच सेनानीलाही सत्ताधीशाच्या भयाचे भय वाटते. आपल्यावर संशय आहे हे कळलेल्या सेनानीपुढे मरणे, पळून जाणे किंवा आधी वार करणे एवढेच मार्ग उरतात. चंगीझखानाने पहिला स्वीकारला. त्याच्या गुलामाने तिसरा.

अंबरची ताकद खरोखरच मोठी होती. इंग्रज व्यापारी विल्यम फिंच याने १६१० च्या सुमारास त्याच्या फौजेत दहा हजार हबशी व चाळीस हजार दख्खनी असल्याचे नोंदविले आहे. या दख्खनी फौजेत मराठ्यांचा भरणा मोठा होता. जमीनमहसुलाची व्यवस्था, खडकीची नहर आणि गनिमी युद्धपद्धती यांमुळे त्याचे नाव लोकांच्या तोंडी राहिले. जहांगीर बादशहाला त्याचा इतका राग होता की दरबारी चित्रकार अबुल हसन याने बादशहा अंबरच्या भाल्यावर टांगलेल्या मस्तकावर बाण सोडतो आहे असे चित्र काढले. प्रत्यक्षात ते मस्तक बादशहाच्या हाती कधीच लागले नाही. शत्रूच्या सेनानीचे भय असे चित्रातून मिरवता येते. स्वतःच्या सेनानीच्या भयाचे चित्र कोणी काढवून घेत नाही.

परंतु अंबर सत्तास्थानी स्थिरावल्यावर त्याच्यातही सत्ताधीशाचाच स्वभाव दिसू लागला. १६२४ मध्ये भातवडी येथे त्याने मोगल व आदिलशाही यांच्या एकत्रित फौजांचा पराभव केला. या युद्धात शहाजीराजे भोसले यांनी पराक्रम गाजविला व त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. या विजयानंतर वर्षभरातच शहाजीराजे निजामशाही सोडून आदिलशाहीत गेले. शहाजीराजांचे वाढते वजन अंबरला रुचले नाही, हे त्याचे एक प्रमुख कारण अनेक इतिहासकार मानतात. ज्याने आयुष्यभर दरबारच्या संशयाला तोंड दिले त्यालाही तरुण सेनानीचे यश निर्धास्तपणे पाहता आले नाही. हे भय व्यक्तीपेक्षा स्थानाला चिकटलेले असते, याचा हा पुरावा मानता येईल.

२५ जुलै १६२९ : दौलताबादचा दरबार

मे १६२६ मध्ये मलिक अंबरचे निधन झाले. त्याची कबर खुलताबाद येथे आहे. त्याचा मुलगा फत्तेखान वकील झाला आणि खडकीचे फत्तेनगर झाले. बुऱ्हाण निजामशाह तिसरा (काही मराठी ग्रंथांत याचाच उल्लेख मूर्तजा निजामशाह असा येतो) आता वयात आला होता. बालपणापासून तो नावाचा राजा होता. राज्य दुसऱ्याच्या तलवारीवर चालते ही जाणीव घेऊनच तो वाढला. सत्ता हाती येताच त्याने हमीदखानाच्या साह्याने फत्तेखानाला कैदेत टाकले. यानंतर दरबारात सर्वांत वजनदार उरले ते सिंदखेडचे लखुजीराव जाधव.

लखुजीराव हे जिजाबाईंचे वडील व शहाजीराजांचे सासरे. देवगिरीच्या यादवांशी नाते सांगणारे त्यांचे घराणे निजामशाहीतील मराठा सरदारांत अग्रगण्य होते. मात्र त्यांचा इतिहास सरळ नव्हता. काही वर्षांपूर्वी ते निजामशाही सोडून मोगलांकडे गेले होते. फारसी तवारिखांनुसार मोगलांनी जाधव कुटुंबाला मिळून चोवीस हजारांची मनसब दिली होती. भातवडीच्या युद्धात ते मोगलांच्या बाजूला होते. नंतर ते पुन्हा निजामशाहीत परतले. तेव्हा सुलतानाच्या मनात त्यांच्याविषयी किंतु असणे अस्वाभाविक म्हणता येणार नाही. हा माणूस एकदा गेला होता. पुन्हा जाऊ शकत होता. आणि गेला तर वऱ्हाडच्या सीमेवरील मोठी फौज व मुलूख घेऊन गेला असता.

२५ जुलै १६२९ रोजी लखुजीराव मुलांसह मुजऱ्यासाठी दौलताबादच्या किल्ल्यात गेले. त्यांना पकडण्यासाठी माणसे आधीच दबा धरून ठेवलेली होती. जाधवांनी तलवारी उपसल्या. परंतु दरबाराच्या बंदिस्त जागेत मूठभर माणसांचा निभाव लागणे शक्य नव्हते. लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव असे तीन पिढ्यांतील चार पुरुष त्या दिवशी मारले गेले. शिवजन्माच्या सुमारे सात महिने आधीची ही घटना आहे. सिंदखेडराजा येथील लखुजीरावांची भव्य समाधी आजही तिची साक्ष देते.

सुलतानाचा हेतू केवळ कैदेचा होता की हत्येचा, हा प्रश्न येथे दुय्यम आहे. मुजऱ्याला आलेल्या सरदारावर दरबारात हात टाकला गेला, एवढ्यानेच सरदार आणि सुलतान यांच्यातील अलिखित करार मोडला. ज्या दरबारात मुजरा करायला गेलेला माणूस जिवंत परतेल याची खात्री नाही, त्या दरबाराशी निष्ठा ठेवणे हा प्रत्येक सरदाराच्या दृष्टीने जिवाचा धोका झाला.

परिणाम : चार वर्षांत राज्याचा अस्त

सुलतानाने माणूस मारला. त्याची फौज त्याला मिळाली नाही. लखुजीरावांचे बंधू जगदेवराव व पुत्र बहादूरजी मोगलांकडे गेले. शहाजीराजांनी निजामशाहीकडे पाठ फिरवली आणि १६३० च्या अखेरीस मोगलांची मनसब स्वीकारली. ज्या पक्षांतराच्या भीतीने लखुजीरावांना मारले, ते पक्षांतर हत्येमुळेच आणि अधिक मोठ्या प्रमाणावर घडून आले.

काळही प्रतिकूल होता. ऑक्टोबर १६२९ मध्ये खानजहान लोदी हा बंडखोर मोगल सरदार आग्र्याहून पळाला व निजामशाहीच्या आश्रयाला आला. त्याच्या पाठलागाच्या निमित्ताने १६३० मध्ये शाहजहान स्वतः बऱ्हाणपुरास येऊन ठेपला. त्याच सुमारास दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. राज्याला मातब्बर सेनानींची सर्वाधिक गरज होती तेव्हा त्यांतील एक मारलेला, एक कैदेत आणि एक शत्रूच्या छावणीत होता. १६३१ च्या आरंभी धारूरचा किल्ला गेला.

घाबरलेल्या बुऱ्हाणने आता फत्तेखानाला कैदेतून सोडून पुन्हा वकील केले. त्यामुळे सेनापती मुकर्रबखान दुखावला व मोगलांना जाऊन मिळाला. तेथे त्याला रुस्तमखान हा किताब मिळाला आणि तो १६५८ मध्ये सामूगढच्या लढाईत मरेपर्यंत मोगलांची चाकरी करीत राहिला. म्हणजे जो सेनानी दौलताबाद सांभाळू शकला असता त्याची सुमारे पाव शतकाची सेवा शत्रूच्या पदरी पडली. इकडे फत्तेखानाने आपल्या बापाचा धडा गिरवला. सुलतानाला वेडा ठरवून त्याने कैद केले, ठार मारले व हुसेन या दहा वर्षांच्या मुलाला गादीवर बसविले. जून १६३३ मध्ये महाबतखानाने दौलताबाद घेतले. बाल सुलतानाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली, तर फत्तेखान मोगलांच्या तनख्यावर जगला. मोगलांची चाकरी सोडून आलेल्या शहाजीराजांनी पेमगिरीवर निजामशाही वंशातील आणखी एक मूल गादीवर बसवून १६३६ पर्यंत झुंज दिली. परंतु माहुलीच्या तहाबरोबर निजामशाही इतिहासजमा झाली.

तुलना : मोगलांचा मार्ग

मोगल बादशहा कमी संशयी होते असे नाही. गोवळकोंड्याचा वजीर मीर जुमला याचे उदाहरण याच परिसरातील आहे. स्वतःची फौज, तोफखाना व हिऱ्यांच्या खाणी बाळगणाऱ्या या वजिराची धास्ती घेऊन अब्दुल्ला कुतुबशहाने १६५५ मध्ये त्याच्या मुलाला कैद केले. परिणामी मीर जुमला मोगलांकडे गेला आणि पुढल्याच वर्षी औरंगजेब हैदराबादवर चालून गेला. जानेवारी १६५८ मध्ये, वारसायुद्धाच्या तोंडावर, औरंगजेबाने त्याला औरंगाबादेत अटक करून दौलताबादेत ठेवले व त्याचा तोफखाना ताब्यात घेतला. ही अटक दोघांच्या संगनमताची होती असे पुष्कळ इतिहासकार मानतात. पुढे बादशहा झाल्यावर औरंगजेबाने त्याला मारले नाही. बंगालच्या सुभ्यावर नेमले. तेथून आसामची खडतर मोहीम झाली आणि १६६३ मध्ये मीर जुमला मरण पावला. या मृत्यूने बादशहाचा सर्वांत समर्थ आणि म्हणूनच सर्वांत धोकादायक मित्र नाहीसा झाला, असे फ्रेंच प्रवासी बर्निये याच्या वृत्तांतावरून दिसते.

दूरची नेमणूक, जहागिरीची वरचेवर अदलाबदल, एका मोहिमेवर दोन सेनापती आणि प्रत्येक छावणीत बादशहाला परस्पर बातमी कळविणारा वाकेनवीस अशी मोगलांची साधने होती. या साधनांमुळे सेनानीला न मारता आटोक्यात ठेवता येत असे. मात्र त्यांचीही किंमत होती. १६७० मध्ये औरंगाबादचा सुभेदार शहजादा मुअज्जम आणि दिलेरखान परस्परांच्या संशयाने इतके ग्रासले की दिलेरखान शहजाद्याच्या भेटीलाही जाईना. त्याच वर्षी शिवाजी महाराजांनी सिंहगड व पुरंदर परत घेतले व सुरत दुसऱ्यांदा लुटली. संशयाने राज्य टिकले, पण मोहीम खिळखिळी झाली.

पर्याय : स्वराज्याची रचना

लखुजीरावांच्या नातवाने याच प्रश्नाला दिलेले उत्तर वेगळे होते. सभासद बखरीत शिवकालीन व्यवस्थेचे जे वर्णन येते त्यानुसार प्रत्येक किल्ल्यावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे बरोबरीचे अधिकारी असत. कोणा एकाला किल्ला परस्पर शत्रूच्या हवाली करता येऊ नये हा त्यामागील हेतू होता. शक्य तेथे रोख वेतन दिले जाई व सरदारांना मुलूख तोडून देण्याचे टाळले जाई. घोडा सरकारचा असलेला बारगीर हा पागेचा कणा होता. म्हणजे वर विचारलेल्या तीनही प्रश्नांचे उत्तर सरदाराकडून राज्याकडे वळविण्याचा हा प्रयत्न होता.

त्याची कसोटी १६६६ मध्ये लागली. पन्हाळ्याच्या स्वारीत वेळेवर न पोहोचल्यावरून नेताजी पालकरांना सरनोबतीवरून दूर करण्यात आले. नेताजी हे साधे सरदार नव्हते. 'प्रतिशिवाजी' म्हणून त्यांची ख्याती होती. ते आधी आदिलशाहीत व नंतर मोगलांकडे गेले. परंतु स्वराज्याची फौज जागच्या जागी राहिली व सरनोबती प्रतापराव गुजरांकडे आली. पुढे मोगलांनी नेताजींचे धर्मांतर केले. १६७६ मध्ये ते परतले तेव्हा त्यांना पुन्हा सामावून घेण्यात आले.

लखुजीराव आणि नेताजी हे दोघेही शत्रूच्या चाकरीतून परतलेले सेनानी. एकाचे स्वागत दबा धरलेल्या तलवारींनी झाले, दुसऱ्याचे आपुलकीने. यात दोन राज्यकर्त्यांच्या मनाच्या मोठेपणाचा फरक निश्चितच आहे. पण औदार्य परवडण्यासाठी व्यवस्था भक्कम असावी लागते. नेताजींमागे राज्याची फौज जाऊ शकत नव्हती म्हणून त्यांना क्षमा करणे सुरक्षित होते. ही रचनाही कायम टिकली नाही. १६८९ नंतरच्या संकटकाळात वतने व सरंजाम देणे अपरिहार्य झाले आणि सेनानीच्या निष्ठेचा प्रश्न मराठेशाहीत नव्या रूपाने पुन्हा उभा राहिला.

जागतिक संदर्भ

अन्यत्रही हाच क्रम आढळतो. पूर्व रोमन सम्राट जस्टिनियन याचा सेनापती बेलिसारियस याने ५३३ मध्ये कार्थेज व ५४० मध्ये रावेना घेतले. प्रत्येक विजयाबरोबर दरबाराचा संशय वाढत गेला आणि ५६२ मध्ये कटाच्या आरोपावरून त्याची मालमत्ता जप्त झाली, ती पुढील वर्षी परत मिळाली. सोव्हिएत संघात स्टालिनने १९३७ मध्ये मार्शल तुखाचेव्हस्कीला मृत्युदंड दिला. पाचपैकी तीन मार्शल त्या काळातील शुद्धीकरणात बळी गेले. जर्मन आक्रमणाच्या वेळी १९४१ मध्ये सोव्हिएत सैन्याला त्याची किंमत मोजावी लागली. महायुद्ध जिंकल्यावर मात्र मार्शल झुकॉव्ह याला स्टालिनने मारले नाही. २४ जून १९४५ च्या विजयसंचलनाची मानवंदना स्वीकारणारा हा सेनानी १९४६ मध्ये ओडेसाच्या व १९४८ मध्ये उरलच्या लष्करी विभागावर धाडला गेला. त्याचे सैन्य राज्याचे होते. त्यामुळे त्याला दूर करण्यास एक आदेश पुरेसा ठरला.

निष्कर्ष :

१. लोकप्रिय सेनानीचे भय हे सत्ताधीशाच्या केवळ स्वभावातून निर्माण होत नाही. शिपायाची निष्ठा राज्याशी की व्यक्तीशी, यावर ते अवलंबून असते.

२. हे भय निराधार असतेच असे नाही. लखुजीरावांविषयीच्या संशयाला पूर्वेतिहासाचा आधार होता. परंतु भय सकारण असले तरी त्यावरील उपाय आत्मघातकी ठरू शकतो.

३. हत्येने सेनानी नाहीसा होतो, त्याची फौज नाहीशी होत नाही. ती बहुधा शत्रूला मिळते.

४. संशय दुतर्फा असतो. संशयित सेनानी स्वसंरक्षणासाठी राजालाच नाहीसे करतो व मूळ भय खरे ठरते.

५. शत्रू या भयाचा शस्त्रासारखा उपयोग करतो, आणि ते शस्त्र फौजेपेक्षा स्वस्त पडते.

समारोप :

स्वतंत्र भारताने हा प्रश्न व्यक्तींच्या भल्याबुऱ्या स्वभावावर सोडला नाही. संविधानाच्या अनुच्छेद ५३ नुसार संरक्षण दलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे असून त्याचा वापर कायद्याने नियमित होतो. सरसेनापती हे पदनाम १९५५ मध्ये रद्द करून तिन्ही दलांच्या प्रमुखांना 'चीफ ऑफ स्टाफ' हे पदनाम देण्यात आले. अशा व्यवस्थेत विजयी सेनानीचा लोकांनी कितीही जयजयकार केला तरी कोणाची झोप उडण्याचे कारण नाही, आणि निवृत्त होऊन तो सन्मानाने घरी जाऊ शकतो. ही गोष्ट आज इतकी स्वाभाविक वाटते की तिचे मोल सहसा लक्षात येत नाही. ते मोल समजून घ्यायचे असेल तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने दौलताबादचा किल्ला केवळ खंदक, अंधारी आणि तोफांसाठी पाहू नये. रणांगणात अजिंक्य मानला गेलेला हा किल्ला ज्यांच्या बळावर टिकायचा, ती माणसे त्याच्याच आत, त्याच्याच धन्याच्या हुकमाने मारली गेली. त्यानंतर चार वर्षांच्या आतच मोगलांनी तो घेतला.